सेतूची वाट, समुद्रावरचा वारा आणि सोबतीचा धर्म

॥ श्रीरामनाथस्वामी प्रसन्न ॥

भारतवर्षाच्या चार धामांपैकी दक्षिणेचे धाम आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असे श्रीक्षेत्र रामेश्वर हे समस्त भाविकांचे श्रद्धास्थान आहे. काशीची यात्रा रामेश्वराच्या दर्शनाने व सेतुस्नानाने पूर्ण होते, अशी महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे. रामेश्वरी यावे, सेतूवरील वाळू घ्यावी, ती सेतुमाधव म्हणून पुजून प्रयागी त्रिवेणीत विसर्जित करावी आणि तेथील गंगाजल आणून पुन्हा श्रीरामनाथास अभिषेक करावा, असा हा क्रम आहे. उत्तर आणि दक्षिण या दोन दिशा यात्रेकरूच्या पावलांनी जोडल्या जाव्यात, हा त्यामागील पूर्वसूरींचा हेतू उघड आहे.

आज बहुसंख्य भाविक रेल्वेने किंवा मोटारीने येतात, अग्नितीर्थावर समुद्रस्नान करतात, मंदिरातील बावीस तीर्थांचे स्नान व दर्शन घेतात आणि वाहनानेच धनुष्कोडीस जाऊन येतात. त्यात काहीही उणे नाही. परंतु रामेश्वराच्या मंदिरापासून सेतूच्या टोकापर्यंतचा सुमारे वीस किलोमीटरचा टप्पा पायी चालण्याचा संकल्प करून येणारे जथेही आहेत. या वाटेवर भाविकास जे शिकावयास मिळते, ते सर्वच यात्रेकरूंच्या चिंतनासाठी येथे मांडले आहे.

वाटेचे स्वरूप

रामेश्वर हे बेट आहे. बेटाचा आग्नेयेकडील भाग निमुळता होत होत एका लांब वाळूच्या जिभेसारखा समुद्रात शिरला आहे. या जिभेच्या टोकास धनुष्कोडी व त्यापुढे अरिचलमुनै हे भूमीचे अखेरचे स्थान. टोकाकडे जाणाऱ्या यात्रेकरूच्या डाव्या हातास बंगालच्या उपसागराचे पाणी असते, त्यास महोदधी म्हणतात. उजव्या हातास मन्नारच्या आखाताचे पाणी असते, त्यास रत्नाकर म्हणतात. तेथील कोळी बांधव उत्तरेच्या पाण्यास ‘पेण् कडल’ म्हणजे स्त्री-समुद्र आणि दक्षिणेच्या पाण्यास ‘आण् कडल’ म्हणजे पुरुष-समुद्र असे म्हणतात. एक शांत दिसतो, दुसरा खवळलेला दिसतो. मात्र ऋतू पालटला की दोघांचे स्वभावही पालटतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेचा समुद्र उसळतो, तर ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उत्तरेचा.

गाव मागे पडले, सुरूची बने विरळ झाली की वाऱ्यास अडविणारे काहीच उरत नाही. ना डोंगर, ना दाट झाडी, ना घरे. भारत आणि श्रीलंका यांच्यामधील अरुंद समुद्रपट्टीत वाऱ्यास वेग येतो आणि तो या सपाट वाळूवरून सरळ वाहत जातो. ज्येष्ठ-आषाढापासून तो उजव्या अंगास धडकतो, मार्गशीर्ष-पौषात डाव्या अंगास. वाळूचे कण पायाच्या पोटऱ्यांवर सुईसारखे टोचतात. डांबरी रस्त्यावरही वाळू लोळत येते. उच्चारलेला शब्द शेजारच्या माणसाच्या कानी पोहोचण्याआधीच वाऱ्यावर उडून जातो. जथ्याच्या पुढे चालणाऱ्याने नामघोष करावा, तर मागच्यांना केवळ त्याचे हलणारे ओठ दिसावेत, अशी स्थिती होते.

मैदानी वाटेवर दोन सोबत्यांमध्ये पन्नास पावलांचे अंतर पडले तरी बिघडत नाही. हाक मारली की ऐकू येते. या वाटेवर पन्नास पावले मागे राहिलेला सोबती खरोखर एकटा पडतो. थकलेल्या वृद्धाने मारलेली हाक पुढच्यांना पोहोचत नाही, आणि पुढचे मागे वळून पाहतील तेव्हाच त्यास आधार मिळतो. म्हणून या वाटेवर सोबत ही केवळ सोय राहत नाही, ती जबाबदारी होते.

एकट्याचे उड्डाण आणि सर्वांचा सेतू

या भूमीवर सोबतीचा विचार प्रथम कोणी केला, हे पाहण्यासाठी रामकथेकडे वळावे लागते.

श्रीहनुमंतांनी हा समुद्र एकट्याने एका उड्डाणात ओलांडला होता. लंकेत जाऊन ते सीतामाईंचे दर्शन घेऊन परतही आले होते. वाल्मीकिरामायणात असे आहे की, मारुतीरायांनी सीतामाईंना आपल्या पाठीवर बसवून परत नेण्याची तयारीही दर्शविली होती. मग प्रश्न असा उत्पन्न होतो की, समुद्र ओलांडू शकणारा असा वीर सन्निध असताना श्रीरामचंद्रांनी सेतूचा एवढा खटाटोप का करावा? मारुतीरायांच्या खांद्यावर बसून प्रभू निमिषात पलीकडे पोहोचले असते.

याचे उत्तर सेतूच्या प्रयोजनातच आहे. उड्डाण एकट्याचे असते. ज्याच्या अंगी बळ आहे, त्याच्यापुरते ते असते. श्रीरामांच्या मागे जो समुदाय आला होता, त्यातील प्रत्येकास उडता येत नव्हते. ज्यांना उडता येत नाही, त्यांनाही पलीकडे पोहोचता यावे, यासाठी सेतू. नल या वानरश्रेष्ठाच्या देखरेखीखाली वानरांनी वृक्ष व शिळा आणून तो बांधला. पहिल्या दिवशी चौदा योजने, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी एकवीस, चौथ्या दिवशी बावीस आणि पाचव्या दिवशी तेवीस, असे पाच दिवसांत शंभर योजनांचे काम झाले, असा हिशेबच वाल्मीकींनी दिला आहे. दिवसागणिक काम थोडे थोडे वाढतच गेले. समुदाय एकदा एकचित्त झाला की श्रमाने तो खचत नाही, उलट त्याचे बळ वाढते, हा अर्थ या आकड्यांतून सहज निघतो.

किष्किंधेहून समुद्राकडे निघालेल्या सेनेची रचनाही चिंतन करण्याजोगी आहे. नील पुढे जाऊन वाट शोधणार, सावली, फळे व गार पाणी कोठे मिळेल ते पाहणार. ऋषभ उजव्या अंगास, गंधमादन डाव्या अंगास. जांबवंत, सुषेण आणि वेगदर्शी यांच्याकडे सैन्याच्या पोटाकडील भागाची राखण. पुढे कोण, बाजूस कोण, मध्ये कोण याचा विचार स्वतः प्रभूंनी केला. आणि मध्यभागी श्रीराम मारुतीरायांच्या व लक्ष्मण अंगदाच्या खांद्यावर. म्हणजे प्रभूंनी दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेण्यात कमीपणा मानला नाही. या वाटेवर एखाद्या तरुणाने वृद्धेचा हात धरला आणि तिने संकोच न करता तो धरू दिला, तर दोघेही रामकथेतीलच एक पाऊल चालत असतात.

सेतुयात्रेस निघालेल्या भाविकाने म्हणून स्वतःस एक प्रश्न विचारावा. आपण उड्डाण करण्यास आलो आहोत, की सेतूवरून चालण्यास? पायात बळ असलेला माणूस वाऱ्यास न जुमानता झपाझप पुढे जातो, सर्वांआधी टोकास पोहोचतो, स्नान-संकल्प आटोपून मोकळा होतो. मागे राहिलेले सोबती कोणत्या अवस्थेत येत आहेत, हे त्यास ठाऊक नसते. त्याचे चालणे खोटे नसते, पण ते उड्डाण असते. सेतूचे माहात्म्य त्यास अद्याप घडलेले नसते.

कोदंडरामाच्या दारी

वाट निम्म्याहून थोडी अधिक सरल्यावर, मुख्य रस्त्यापासून बाजूस पाण्याने वेढलेल्या जागी श्रीकोदंडरामस्वामींचे मंदिर आहे. बिभीषण श्रीरामांना शरण आला ते हे स्थान, अशी श्रद्धा आहे. वाऱ्याने शिणलेले जथे येथे थांबतात. देवळाच्या आडोशास वारा मंदावतो आणि बराच वेळ कानांत घुमणारा नाद थांबतो. सोबत्यांचे बोलणे पुन्हा ऐकू येऊ लागते.

बिभीषण एकटा आला नव्हता, चार सोबत्यांसह आला होता. शत्रूचा भाऊ, आकाशात थांबून आश्रय मागतो आहे, त्यास घ्यावे की घेऊ नये यावर श्रीरामांच्या समक्ष विचार झाला. सुग्रीवास संशय होता आणि तो संशय अकारण नव्हता. मारुतीरायांनी अनुकूल मत दिले. शेवटी प्रभूंनी सांगितले की, एकदा शरण आलेल्यास अभय देणे हे आपले व्रत आहे. बिभीषण रात्रीत सोबती झाला आणि पुढे सेतू उतरल्यावर पलीकडच्या तीरावर गदा घेऊन पहारा करण्याचे काम त्यानेच केले.

पदयात्रेतही असे बिभीषण भेटतात. जथ्यातून मागे राहिलेला दुसऱ्या गावचा यात्रेकरू, भाषा न समजणारा एकटा वृद्ध, चप्पल तुटलेला तरुण, वाऱ्याने घाबरलेली माता. ‘हा आपल्या जथ्यातला नाही’ असे म्हणून पुढे निघणे सोपे असते, कारण आपल्याच माणसांना सांभाळणे कठीण झालेले असते. सुग्रीवाचा संशय मनात येणे हा दोष नव्हे. पण कोदंडरामाच्या दारात उभे राहून घेतलेला निर्णय प्रभूंच्या निर्णयाशी ताडून पाहावा, इतकेच.

सागराचे उत्तर

मंदिर सोडून वाट पुढे निघाली की भूमी अधिकच अरुंद होते. दोन्ही हातांस एकाच वेळी समुद्र दिसू लागतो आणि धनुष्कोडीच्या जुन्या गावाचे अवशेष लागतात. रेल्वे स्थानकाच्या भिंती, प्रार्थनामंदिराचे उभे राहिलेले दगड. येथे एकेकाळी बंदर होते, टपाल कार्यालय होते, भरलेली वस्ती होती. दि. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ व समुद्राच्या लाटा यांनी हे गाव गिळून टाकले. पांबनहून धनुष्कोडीकडे येत असलेली प्रवासी गाडी शंभराहून अधिक माणसांसह लाटांत नाहीशी झाली. त्यानंतर शासनाने हे स्थान वस्तीस अयोग्य म्हणून घोषित केले. कोदंडरामांचे मंदिर मात्र त्या वादळातून वाचले. काही कोळी कुटुंबे पुढेही येथेच झोपड्या बांधून राहिली. २०१७ मध्ये टोकापर्यंत पक्का रस्ता झाला, तोपर्यंत यात्रेकरूंना अखेरचे अंतर वाळूतून पायी किंवा तेथील गाड्यांतून जावे लागे.

या अवशेषांसमोर भाविकाने क्षणभर थांबावे व त्या रात्री गेलेल्या जीवांसाठी हात जोडावेत. त्या गाडीतही सोबत्यांसह निघालेली, घरी वाट पाहणारी माणसे असलेली माणसेच होती. निसर्गाने त्यांच्यावर कोप केला, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. रामकथेत याचेही उत्तर आहे. श्रीरामांनी तीन रात्री दर्भासनावर पडून सागराची प्रार्थना केली. सागर प्रकट होईना, तेव्हा त्यांनी धनुष्य उचलले. मग सागर समोर आला आणि त्याने नम्रपणे जे सांगितले, त्याचा आशय असा की, पृथ्वी, वायू, आकाश, जल आणि तेज ही सर्व आपापल्या स्वभावात राहतात. अगाध असणे हा सागराचा स्वभाव आहे, तो उथळ झाला तर ती विकृती ठरेल. प्रभूंनी ते मान्य केले. सागर आटवून वाट काढण्याऐवजी त्याच्या स्वभावास धक्का न लावता सेतू बांधला.

वाऱ्याचा स्वभाव वाहणे हा आहे. तो यात्रेकरूस अडविण्यासाठी वाहत नाही आणि यात्रेकरूची परीक्षा पाहण्यासाठीही वाहत नाही. वायू हे तर मारुतीरायांचे पिता. ज्याने श्रीरामांना सर्वांत मोठा सोबती दिला, त्यास शत्रू कसे मानावे? त्याचा स्वभाव ओळखून चालणे, इतकेच माणसाच्या हाती आहे.

आणि स्वभाव ओळखणे म्हणजे कधी कधी थांबणे. रामेश्वर बेटास मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४ मध्ये सुरू झाला. त्यावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसविलेले होते. वेग ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की गाडीस पुलावर प्रवेश मिळत नसे. गाडीत शेकडो यात्रेकरू असोत, दर्शनाची वेळ टळत असो, गाडी थांबे. त्या पुलावरील वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि दि. ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेजारीच उभारलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. लोखंडी गाडी वाऱ्यापुढे थांबते, त्यात कोणी तिची भीती पाहत नाही. मग पायी चालणाऱ्या माणसाने थांबण्यात कमीपणा का मानावा?

पदयात्रेतील खरा कठीण प्रसंग हाच असतो. टोक चार-पाच किलोमीटर उरलेले आहे. वर्षभर मनात बाळगलेला संकल्प पूर्ण होण्याच्या बेतात आहे. वारा वाढला आहे आणि जथ्यातील एका सोबत्याचे पाय चालेनासे झाले आहेत. त्यास एखाद्या वाहनात बसवून एकट्याने परत पाठवावे, रस्त्याच्या कडेस बसवून ‘येताना घेऊ’ म्हणावे, की सर्वांनीच थांबावे? अशा वेळी जथ्यात मतभेद होतात. कोणी म्हणतो, नियम मोडला तर पुण्य जाईल. कोणी म्हणतो, नवस पुरा झालाच पाहिजे. दोघांच्याही बोलण्यात श्रद्धाच असते, म्हणून हा प्रसंग अधिक अवघड होतो.

नाथांची कावड

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांनी त्याचे उत्तर आपल्या आचरणातून देऊन ठेवले आहे. काशीहून गंगाजलाची कावड घेऊन नाथ सोबत्यांसह रामेश्वरास निघाले होते. शेकडो कोस ती कावड खांद्यावरून वाहिली होती. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे एक गाढव त्यांनी पाहिले. नाथांनी कावडीतील गंगाजल त्या मुक्या जीवाच्या मुखात ओतले. सोबतच्या यात्रेकरूंना मोठा धक्का बसला. रामनाथाच्या अभिषेकाचे जल असे वाया घालविले, यात्रा निष्फळ झाली, असे त्यांना वाटले. श्रीरामेश्वरानेच येथवर सामोरे येऊन अभिषेक स्वीकारला, अशी नाथांची धारणा होती.

ही कथा सर्वांस ठाऊक आहे, परंतु सेतूच्या वाटेवर तिचा एक पैलू विशेष उमगतो. नाथांनी संकल्प सोडला नाही. त्यांनी संकल्प ज्याच्यासाठी होता, त्यास ओळखले. जल अभिषेकासाठीच आणले होते आणि अभिषेकच झाला. केवळ ठिकाण बदलले. जो यात्रेकरू थकलेल्या सोबत्याजवळ थांबतो, आपल्या तांब्यातील पाणी त्यास देतो आणि त्याच्यासह मागे फिरतो, त्याची यात्रा अपुरी राहिली असे म्हणण्याचे धैर्य नाथांच्या महाराष्ट्रातील कोणत्या भाविकास होईल?

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. श्रीक्षेत्र रामेश्वरी दोन लिंगे आहेत. मारुतीरायांनी आणलेले विश्वलिंग आणि त्यांना यावयास विलंब झाल्याने सीतामाईंनी वाळूचे घडविलेले रामलिंग. मुहूर्त टळू नये म्हणून वाळूच्या लिंगाची स्थापना झाली. परंतु दूरवरून श्रमून आलेल्या मारुतीरायांचे मन मोडू नये म्हणून, प्रथम पूजा त्यांनी आणलेल्या लिंगाची होईल, अशी आज्ञा प्रभूंनी केली. आजही तोच क्रम पाळला जातो. उशिरा पोहोचलेल्या सोबत्याचा मान अग्रपूजेने राखणारे हे क्षेत्र आहे. मागून येणाऱ्यास विसरून येथे कोणती पूजा सफल होणार?

दोन समुद्रांमधील गोडे पाणी

धनुष्कोडीच्या वाळूत एक नवल आहे. दोन्ही बाजूंस खारा समुद्र, मध्ये अरुंद वाळू, आणि त्या वाळूत काही हात खोल खणले की गोडे पाणी लागते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि जड असलेल्या खाऱ्या पाण्यावर हलके गोडे पाणी तरंगत राहते. तेथील कोळी कुटुंबे अशा लहान विहिरींचे पाणी वापरतात. फार उपसले तर खालचे खारे पाणी वर येते, म्हणून ते जपून काढावे लागते. वाऱ्याने ओठ कोरडे पडलेल्या यात्रेकरूस ते पाणी मिळते, तेव्हा तीर्थ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

परोपकाराचे कार्यही असेच असते. दिसत नाही, खोलवर मुरलेले असते आणि वाटसरूच्या तहानेच्या वेळी वर येते. रामेश्वराच्या वाटेवर अशा कार्याची थोर परंपरा आहे. तंजावरच्या भोसले राजघराण्याने या मार्गावर यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, उभारली होती. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कार्याचे वर्णन केले आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येकास, तो कोणत्याही जातीचा असो, अन्न मिळे. आजारी यात्रेकरूंची शुश्रूषा होई. मध्यरात्री घंटा वाजवून, ज्यांचे भोजन झालेले नाही त्यांनी यावे, असे पुकारले जाई. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र याच राजांच्या काळातले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनीही या क्षेत्री यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली.

मध्यरात्रीची ती घंटा दात्यांनी मनात ठेवावी. ती वाऱ्यापावसात सापडून उशिरा पोहोचणाऱ्यासाठी होती. वेळेवर आलेल्यास कोणीही जेवू घालील. मागे राहिलेल्याची आठवण ठेवून चूल पेटती ठेवणे, हे दानधर्माचे मर्म आहे. प्रवासाचे बळ नसलेले अनेक भाविक घरी राहून दान करतात. त्यांच्या दानातून कोठे पाणपोई चालते, कोठे अन्नछत्र चालते, कोठे वृद्धांसाठी विसाव्याची जागा होते. असे दाते त्या जथ्याबरोबरच चालत असतात. ते न दिसणारे सोबती होत.

पदयात्रेकरूंनी ध्यानी ठेवावे असे

सोबतीचा धर्म आचरणात यावा म्हणून अनुभवी यात्रेकरू पुढील गोष्टी पाळतात.

१) पहाटे, उजाडण्यापूर्वी निघावे. दिवस चढतो तसे ऊन व वारा दोन्ही वाढतात. सूर्यास्तापूर्वी टोकाकडील भागातून परतणे आवश्यक असल्याने वेळेचा हिशेब आधी करावा.

२) जथ्याची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने ठरवावी. त्यास शेवटी ठेवू नये, पुढील तिघा-चौघांत ठेवावे.

३) वारा ज्या बाजूने येत असेल, त्या बाजूस सशक्त सोबत्यांनी चालावे. वृद्ध व मुले आडोशाच्या बाजूस असावीत. परतताना वाऱ्याची बाजू बदलते, तेव्हा जागाही बदलाव्यात.

४) एकाने पाठराखण करावी. त्याच्या मागे जथ्यातील कोणीही राहू नये. हाक ऐकू येत नसल्याने हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात.

५) छत्री नेऊ नये. डोक्यास घट्ट बांधलेला रुमाल, डोळ्यांस वाळूपासून रक्षण आणि प्रत्येकाजवळ पुरेसे पाणी असावे.

६) कोदंडराम मंदिराशी सर्वांची मोजणी करावी. पुढे जावयाचे की नाही, हे तेथेच सर्वानुमते ठरवावे. ‘नाही’ म्हणणाऱ्यास कोणी लाजवू नये.

७) आश्विन ते मार्गशीर्ष हा वादळांचाही काळ आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्याकडे व स्थानिक प्रशासनाच्या सूचनांकडे दुर्लक्ष करू नये. टोकाशी दोन प्रवाह मिळत असल्याने पाणी अत्यंत धोक्याचे आहे. तेथे सूचना नसेल त्याही वेळी पाण्यात खोल शिरू नये. मार्जन केले तरी सेतुस्नानाचा भाव पूर्ण होतो.

८) वाळू संकल्पापुरती, चिमूटभर घ्यावी. प्लास्टिक व निर्माल्य मागे टाकू नये.

संगमाशी

अरिचलमुनैच्या टोकाशी पोहोचलेला यात्रेकरू पाहतो की, महोदधी आणि रत्नाकर यांच्या लाटा दोन दिशांनी येतात आणि एकमेकींत मिसळतात. पुढे भूमी नाही. वारा येथे सर्वांत प्रबळ असतो, इतका की स्थिर उभे राहण्यासाठी शेजारच्याचा हात धरावा लागतो. लहानथोर, ओळखीचे-अनोळखी, सारे हात धरून उभे राहतात. सेतूची शिळा कोठे आहे, असे विचारणाऱ्या डोळ्यांना समुद्रच दिसतो. धनुष्याच्या टोकाने प्रभूंनी सेतू मोडला, म्हणून या स्थानास धनुष्कोडी हे नाव पडले, अशी कथा आहे. दगडांचा सेतू मोडला, पण ज्या भावनेतून तो उभा राहिला, ती भावना मोडावयाची नव्हती. ती येणाऱ्या प्रत्येक जथ्याने हातात हात घेऊन पुन्हा बांधावयाची आहे.

येथून घेतलेली चिमूटभर वाळू भाविक प्रयागी नेतील. ती नेताना तिच्यासह या वाटेवरील सोबत्यांचेही स्मरण न्यावे. कोणी वाऱ्याची बाजू अंगावर घेतली, कोणी पाणी दिले, कोणासाठी आपण थांबलो आणि आपल्यासाठी कोण थांबले. घरी परतल्यावरही संसाराच्या वाटेवर वारा असतोच. तेथेही कोणी मागे राहिलेले असते आणि त्याची हाक पुढच्यांना ऐकू येत नाही. मागे वळून पाहण्याची सवय या वीस किलोमीटरांत लागली, तर श्रीरामनाथाची यात्रा सुफळ संपूर्ण झाली, असे समजावे.

श्रीरामनाथस्वामी व माता पर्वतवर्धिनी सर्व यात्रेकरूंचे, त्यांच्या सोबत्यांचे आणि न दिसणाऱ्या दात्यांचे कल्याण करोत.

॥ श्रीरामनाथार्पणमस्तु ॥
॥ शुभं भवतु ॥